यमुना आणि येमी : मैत्रीण लिहू की कुणबीण?

माहुलीकरीण:

नमस्कार मंडळी. कित्येक वर्षं इथे नुसती वाचनमात्र आहे. आज अडलेय म्हणून पहिला धागा काढते. लांबेल, सांभाळून घ्या.

तीन वर्षांपासून एक कादंबरी लिहितेय. काळ १७६१ ते १७७४. पानिपताच्या वर्षी सुरू होते आणि सवाई माधवरावांच्या जन्माची साखर वाटली जाते तिथे संपते. पेशवाईवर लिहायचं म्हटलं की जो तो शनिवारवाड्यात शिरतो, मला साताऱ्यातच राहायचं होतं. १७६१ च्या डिसेंबरात ताराबाई इथेच वारल्या. रामराजे नावाला छत्रपती, हुकूम पुण्याचा. वर किल्ल्याची कोठी, खाली पेठेत एका कारकुनाचा वाडा. माझी गोष्ट त्या वाड्यात घडते.

वाड्यात दोन पोरी आहेत. एक कारकुनाची लेक, यमुना. दुसरी तिच्याहून दोन वर्षांनी मोठी कुणबीण, म्हणजे घरच्या मालकीची दासी. तिचंही नाव यमुनाच, पण एका घरात दोन यमुना कशा खपतील, म्हणून ती येमी. दोघी परसात सागरगोटे खेळतात, चिंचा चोरतात, एकमेकींच्या उवा काढतात. यमुना नऊ वर्षांची झाल्यावर तिचं लग्न वाईच्या घरात होतं आणि आंदणात येमीही जाते. मेण्यात यमुना रडतेय, मेण्याशेजारून चालणारी येमी तिला उखाणे घालून हसवतेय, आणि यमुना म्हणते, "तू आहेस म्हणून मी जातेय गं." हे लिहिताना माझंच मन भरून आलं होतं.

पुढे वाईत यमुनाचा दीर त्र्यंबक आणि येमी यांचं जमतं. घाटावरचा अंधार, तुळशीवृंदावनामागे ठेवलेली बकुळीची फुलं वगैरे. हसू नका, बरं जमलंय.

आम्ही आठजण महिन्यातून एकदा साताऱ्यात एकमेकांचं लिखाण वाचतो. तिथे हा भाग वाचला. सगळे खूश. आमच्यात एक निवृत्त शिक्षिका आहेत, फारशा बोलत नाहीत. त्यांनी कागद परत देताना एवढंच विचारलं, "ती नको म्हणाली असती तर?"

घरी येऊन पहिल्यापासून वाचून काढलं. तीनशे बारा पानं. त्यात येमी कुणालाही, एकदाही 'नको' म्हणत नाही. मलाच कळलं नव्हतं.

आता ना मैत्री खरी वाटत, ना प्रेम. पण दोन्ही सपशेल खोटं होतं असंही म्हणवत नाही. काय करू?

---

कृष्णाकाठचा:

सांगलीहून रामराम. ताई, लई विचार करताय असं वाटतंय. जीव लावायला कागद लागत न्हाई. मालक असू दे न्हाईतर चाकर, चार वर्सं एका चुलीपाशी काढली की माया लागतीयच. आमच्या गड्याला मी काका म्हणत वाढलो. बकुळीची फुलं ठेवा तिथंच.

---

मोडीवाचक:

कृष्णाकाठचा, तुमचा गडी सालाच्या शेवटी दुसऱ्याकडे जाऊ शकत होता. येमी जाऊ शकत नव्हती. इथेच सगळी गोम आहे.

माहुलीकरीण, विषय छान काढलात. थोडी भर घालतो, हौशी वाचक म्हणून. 'कुणबीण' हा शब्द आज ऐकला की शेतकरी बाई डोळ्यापुढे येते. पेशवाईच्या कागदांत त्याचा अर्थ सरळ 'विकत मिळणारी बाई' असा आहे. मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशातही हा अर्थ सापडेल. शब्द असा घसरला त्याचं एक कारण बहुधा हे, की ब्राह्मणाच्या घरात पाणी भरायला, दळायला-कांडायला जिच्या हातचं चालेल अशीच बाई लागायची. घेतलेली बाई त्या जातीची नाही असं मागाहून निघालं तर घरभर प्रायश्चित्तं.

कुणबीण होण्याच्या वाटा अनेक होत्या. कुणबिणीच्या पोटी जन्मली, दुष्काळात आईबापांनी विकली, मोहिमेत धरून आणली, कुणी बक्षीस दिली. आणि एक वाट कादंबरीकार सहसा विसरतात : बदकर्माचा, म्हणजे व्यभिचाराचा, आरोप शाबीत झालेल्या ब्राह्मणेतर बाईला शिक्षा म्हणून सरकारात कुणबीण करत. किल्ल्यांच्या कोठ्यांवर, गोठ्यांत, कारखान्यांत अशा बायका राबत होत्या. तुमच्या अजिंक्यताऱ्याच्या कोठीत येमीची आई असू शकते, बघा.

आता तुमचा मेण्याचा प्रसंग. तो तसाच ठेवा. फक्त त्याच्या आदल्या रात्रीचा एक प्रसंग लिहा. आंदणाची यादी लिहिली जातेय.

---

पेढेवाला_नाही:

साताऱ्यातले असून वाचनगट आहे हे आम्हाला माहीतच नाही. बाकी चर्चा चालू द्या, मी भेळ घेऊन बसलो.

---

शंखनाद:

हे सगळं पाश्चात्त्यांच्या चष्म्यातून चाललंय. गुलामगिरी अमेरिकेची. आपल्याकडे दासी म्हणजे घरातलं माणूस. शिवछत्रपतींनी तर गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली होती. उगाच आपलाच इतिहास काळा करू नका.

---

मोडीवाचक:

शंखनाद, बंदीची गोष्ट खरी आहे आणि मलाही तिचा अभिमान आहे. १६७७ साली, कर्नाटकच्या मोहिमेत, महाराजांनी डचांना दिलेल्या कौलात, म्हणजे लेखी परवान्यात, तसं स्पष्ट म्हटलंय. आधीच्या राज्यात तुम्ही बायकापुरुष गुलाम म्हणून घेत-विकत होता, माझ्या अमलात ते चालणार नाही, असा त्याचा आशय. पण मनाई करावी लागली, म्हणजे बाजार होताच ना? आणि शंभर वर्षांच्या आत त्याच मराठी राज्यात कुणबिणींच्या विक्रीवर जकात घेतली जात होती. दोन्ही कागद आपलेच. एक फ्रेम करून लावायचा आणि दुसरा माळ्यावर टाकायचा, असं कसं चालेल?

अमेरिकेसारखे ऊस-कापसाचे मळे आपल्याकडे नव्हते, हे मान्य. आपली गुलामगिरी बरीचशी घरात होती, आणि बरीचशी बायकांची. म्हणूनच ती 'घरातलं माणूस' या शब्दात इतकी छान लपते.

---

जात्याची_पाळी:

'घरातलं माणूस' वरून सुचलं ते लिहिते. जात्यावरच्या ओव्यांवर मी थोडं काम केलंय. ओवीत काय असतं? माहेर, आई, पाठचा भाऊ, दिवाळीचा मुराळी, सासूचा जाच. दळताना बाई माहेरी जाऊन येते.

येमी पहाटे दळायला बसली की काय म्हणणार? तिला ना माहेर, ना सासर. भाऊ कुठे विकला गेला ते ठाऊक नाही. जात्याच्या दुसऱ्या बाजूला यमुना बसली असेल आणि ती आपल्या भावाची ओवी म्हणत असेल, तर येमी त्याच भावाची ओवी ओढणार. उसन्या भावाची. खुंटा दोघींच्या हातात, पीठ एकच, पण माहेर एकीचंच.

मैत्रीतलं अंतर दाखवायला मला तरी याहून वेगळा प्रसंग लागला नसता.

---

माहुलीकरीण:

जात्याची_पाळी, तुम्ही माझी आजची झोप उडवलीत. उसना भाऊ! उचलते हं हे, परवानगी गृहीत धरून.

---

तात्या_शाहूपुरी:

एक बाजू राहतेय म्हणून लिहितो. साताऱ्यात बसून दासींबद्दल बोलता आणि विरूबाईंचं नाव नाही? थोरल्या शाहूंच्या राजवाड्याचा सगळा कारभार त्यांच्या हाती होता. सकवारबाई, सगुणाबाई या राण्यासुद्धा त्यांचा मान ठेवत. अक्कलकोटच्या गादीचे मूळपुरुष फत्तेसिंह भोसले त्यांच्याच मांडीवर वाढले. १७४० मध्ये विरूबाई गेल्या तेव्हा शाहूमहाराज फार खचले होते म्हणतात. मूळची दासीच की! तेव्हा प्रेम असूच शकत नाही असं म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

---

नवी_पाटी:

तात्या, विरूबाईंचीच गोष्ट सुरुवातीपासून सांगा की. शाहू मुघलांच्या छावणीत कैदेत, तिथेच त्यांचं लग्न झालं. बादशहाला नवी सून बघायची होती, तेव्हा खऱ्या वधूला न पाठवता विरूबाईंना वधूवेषात सजवून पाठवलं, अशी कथा आहे. का? घरच्या सुनेवर परक्या पुरुषाची नजर नको म्हणून. दासीवर पडली तर चालत होती.

पुढे शाहूंनी त्यांना सन्मानानं वागवलं, यात शंका नाही. पण त्या नात्याचा पहिला दिवस असा आहे. त्या दिवशी त्यांना कुणी विचारलं असेल, "जातेस का?"

आणि लाखात एक विरूबाई झाली, म्हणून उरलेल्यांचं काय?

---

तात्या_शाहूपुरी:

हं. या बाजूनं पाहिलं नव्हतं. तरी माझं म्हणणं सोडत नाही. सुरुवात जबरदस्तीची झाली म्हणून पुढची तीस वर्षंही खोटीच, असं होत नाही. माणसं नात्यात रुळतात.

---

नवी_पाटी:

रुळतात हे खरं, पण कोण कुठे रुळलं ते लिहायला हवं. मालकाला रुळावं लागत नाही, तो आधीपासूनच तिथे असतो.

---

परदेशी_वाईकर:

माझं आजोळ वाई, सध्या मुक्काम अमेरिकेत. त्र्यंबकच्या गोष्टीसाठी एक उदाहरण देतो, कारण इथल्या लोकांनी या प्रश्नावर डोकं फार आपटून घेतलंय.

थॉमस जेफरसन, 'सगळी माणसं समान जन्मतात' असं लिहिणारा. त्याच्याकडे सॅली हेमिंग्ज ही गुलाम होती. ती त्याच्या बायकोची सावत्र बहीण. सासऱ्याला गुलाम बाईपासून झालेली मुलगी वारशात जावयाकडे आली. म्हणजे बघा, आंदणासारखंच. व्हर्जिनियात १६६२ पासून कायदाच होता, की मूल आईच्या दर्जाचं. बाप कुणीही असो, आई गुलाम तर मूल गुलाम. मालकाचं पोर मालकाचीच मालमत्ता.

जेफरसन अमेरिकेचा राजदूत म्हणून पॅरिसला होता तेव्हा सॅलीही तिथे होती. फ्रान्समध्ये ती सुटका मागू शकली असती. तिचा मुलगा मॅडिसन याने १८७३ मध्ये सांगितलेल्या आठवणींनुसार ती परत यायला तयार नव्हती. तुझी मुलं एकविसाव्या वर्षी मोकळी करीन असं वचन जेफरसननं दिलं, तेव्हा आली. सोळा वर्षांची पोर, पोटात मूल.

याला प्रेम म्हणायचं की सौदा? इथे दोन्हीकडून कादंबऱ्या आल्या. मला विचाराल तर, जिथे बाई सौदा करताना दिसते, तिथे पहिल्यांदा ती माणूस वाटते. तुमची येमी त्र्यंबककडे काही मागते का हो? नुसती बकुळीची फुलं घेऊन गप्प बसते?

---

माहुलीकरीण:

गप्प बसते. आणि वर लाजते. आता मलाच लाज वाटायला लागलीय.

---

मोडीवाचक:

परदेशी_वाईकर, आपल्याकडेही धर्मशास्त्रांनी दासांचे प्रकार मोजून ठेवलेत. मनुस्मृतीत सात, नारदस्मृतीत पंधरा. त्यात 'गृहज' म्हणजे घरात जन्मलेला, 'दण्डदास' म्हणजे शिक्षेने झालेला. कौटिल्य एका जागी म्हणतो, की मालकापासून दासीला मूल झालं तर आई आणि मूल दोघं मोकळी. ऐकायला छान. पेशवाईत मात्र कुणबिणीचं पोर लेकावळा म्हणून त्याच घरात राबायचं. वारसा नाही, पंगतीला पाट नाही.

त्र्यंबकचं मूल येमीच्या पोटात राहिलं तर ते यमुनाचा पुतण्या होणार की यमुनाच्या घरचा पोऱ्या? तुमच्या दोघी मैत्रिणींची परीक्षा तिथे आहे.

---

कृष्णाकाठचा:

आयला. म्या फुलं ठेवा म्हटलं हुतं. परत घेतो.

---

मिरजेची_आत्या:

माझं लिखाण कादंबरीतलं नाही, घरातलं आहे. लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

आमच्या जुन्या घरात पणजीचा एक फोटो होता. पणजी खुर्चीत, मांडीवर माझे आजोबा, आणि खुर्चीच्या मागे भिंतीला लागून एक बाई उभी. फोटोग्राफरनं तिला धरलीय की ती चुकून आलीय ते कळत नाही, अर्धा चेहरा कापला गेलाय. लहानपणी विचारलं तर सांगायचे, "ती जिजी. पणजीबरोबर आली." बरोबर आली म्हणजे? "आली म्हणजे आली." कायद्यानं तोवर गुलामगिरी कधीच संपली होती. पण जिजीला पगार नव्हता. तिचं लग्न झालं नाही. ती देवघरात जायची नाही आणि स्वयंपाकघरातून निघायची नाही. आजोबांना तिनंच वाढवलं. आजोबा तिच्याबद्दल बोलताना अजून गहिवरायचे. पण तिचं खरं नाव काय, गाव कुठलं, हे त्यांना माहीत नव्हतं. एकदा मी विचारलं, "मग तुम्ही तिला विचारलं का नाही?" आजोबा बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "सुचलं नाही गं."

माया होती. खोटी नव्हती. पण जिच्या मांडीवर वाढलो तिला नाव विचारायचं सुचलं नाही, अशी ती माया होती.

यमुनाला येमीचं खरं नाव ठाऊक आहे ना? म्हणजे, तेच आपलंही नाव आहे हे तिला आठवतं ना?

---

जात्याची_पाळी:

आत्या, _/\_

---

पेढेवाला_नाही:

भेळ बाजूला ठेवली.

---

अदालतवाडा:

थोडा काळ पुढे सरकवता आला तर? कायद्याच्या बाजूनं १८४३ फार मजेशीर वर्ष आहे. इंग्लंडनं १८३३ मध्ये वसाहतींतली गुलामगिरी रद्द केली तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख त्यातून वगळला. मग १८४३ चा पाचवा कायदा आला. त्यानं गुलाम ठेवणं हा गुन्हा ठरवला नाही, फक्त गुलामावरचा हक्क कोर्टात चालणार नाही एवढंच म्हटलं. गुलाम घेणं-विकणं हा गुन्हा झाला तो दंडसंहितेनं, जी १८६२ पासून लागू झाली. आणि १८४३ मध्ये सातारा, सांगली ही संस्थानंच, म्हणजे कंपनीचा कायदा थेट लागू नाही. त्याच वर्षी सांगलीच्या राजवाड्यात विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' उभं केलं. सगळे सीतेकडे बघत होते, सीतेच्या दासीकडे कोण बघणार!

आणखी एक योगायोग. प्रतापसिंह महाराजांना १८३९ मध्ये पदच्युत करून काशीला धाडलं, तेव्हा त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले, हे आपण साताऱ्याचे लोक अभिमानानं सांगतो. तिथे महाराजांच्या बाजूनं कडाडून बोलणारा एक इंग्रज होता, जॉर्ज थॉम्पसन. तो मुळात कोण? गुलामगिरीविरुद्ध इंग्लंड-अमेरिकेत सभा गाजवणारा वक्ता! रंगो बापूजी आणि थॉम्पसन कधी चहा पिता पिता या विषयावर आले असतील का? थॉम्पसननं विचारलं असेल का, "तुमच्या राजवाड्यात पाणी कोण भरतं?" मला यावर नाटक लिहायचंय, कुणी चोरू नका.

---

माहुलीकरीण:

अदालतवाडा, नाटक तुम्हीच लिहा, मी पहिल्या रांगेत. मी मात्र १७७४ सोडणार नाही. रामशास्त्री प्रभुणे आमच्या माहुलीचे. न्यायाचं एवढं मोठं नाव ज्या काळात झालं, त्याच काळात येमी होती, हे मला एका पानावर हवंय.

मंडळी, सगळं वाचून एक तोडगा सुचला. शेवटी यमुना येमीला मोकळी करते. सासऱ्यांशी भांडते, दागिना मोडते आणि सोडवते. म्हणजे मैत्री खरी ठरते. कसं वाटतं?

---

नवी_पाटी:

मालकीण चांगली निघाली की सुटलो आपण सगळे. येमीची गोष्ट पुन्हा यमुनाची झाली.

---

मोडीवाचक:

नवी_पाटी कडक बोलल्या, पण बरोबर. शिवाय व्यवहार बघा. कुणबीण सुटायची, नाही असं नाही. म्हातारी झाली, काम होईना, की सोडत. नातेवाईक पैसे भरून सोडवत. आणि तिसरा मार्ग : मोबदला. तिच्याऐवजी दुसरी कुणबीण आणून द्यायची. हिला सोडा, हिच्या जागी ही घ्या.

यमुनाच्या सासऱ्यांनी दागिना नाकारला आणि म्हणाले, "मोबदला आण," तर?

---

माहुलीकरीण:

बापरे.

---

परदेशी_वाईकर:

झाली कादंबरी.

---

मिरजेची_आत्या:

आणि ती मोबदल्याची पोर येमीनं आधी बघितलेली असू दे. कुठल्यातरी अवर्षणात गावाकडून आलेली, सात-आठ वर्षांची, दाण्यांसाठी विकलेली. परसात एकटी बसून सागरगोटे खेळणारी.

---

माहुलीकरीण:

चार दिवस उत्तर दिलं नाही, माफी असावी. लिहीत होते.

यादीचा प्रसंग आधी टाकते, कच्चा आहे.

रात्री ओटीवर समईच्या उजेडात बाबा आंदणाची यादी लिहितायत. घंगाळं २, समया ४, पलंग १, दुभती म्हैस १, कुणबीण येमी १. यमुनाला जेमतेम अक्षरं जुळवता येतात. ती बाबांच्या खांद्यावरून डोकावते आणि विचारते, "माझं नाव कुठंय?" बाबा हसतात. "तुझं नाव यादीत कशाला गं? यादी तुझ्यासाठी." यमुना हिरमुसते. खांबाआड उभी येमी हळूच विचारते, "माझं हाय?" यमुना म्हणते, "आहे." आणि येमीला आनंद होतो. रात्री झोपताना ती चार वेळा विचारते, "खरंच लिवलंय न्हवं?"

आता शेवटचा भाग. त्र्यंबक राहिला, पण बकुळ गेली. येमी त्याच्याकडे पोटातल्या पोरासाठी कागद मागते, तो "बघू" म्हणतो आणि मोहिमेवर निघून जातो. त्याचं प्रेम एवढंच. पुढे मोबदल्याची पोर घरात आणतात. यमुना हरखून येमीला सांगायला येते, सुटलीस म्हणून. येमी त्या पोरीकडे बघते आणि म्हणते, "नको."

तीनशे बारा पानांतला पहिला 'नको'.

---

शंखनाद:

हे आवडलं. दासीची निष्ठा! स्वातंत्र्य मिळत असूनही मालकिणीला सोडून गेली नाही. हेच तर मी सांगत होतो.

---

नवी_पाटी:

बघा, भीती वाटत होती तेच झालं. पहिल्याच वाचकानं निष्ठा वाचली.

---

तात्या_शाहूपुरी:

प्रामाणिकपणे सांगतो, मीही आधी तेच वाचलं. पोरीकडे बघून म्हणाली, हे दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं. 'नको' आणि पोर यांच्यामध्ये अजून एखादी ओळ हवी.

---

माहुलीकरीण:

तात्या, ती ओळ मी मुद्दाम घालणार नाही. कारण यमुनाही तेच वाचते. तिला वाटतं, येमी माझ्यासाठी थांबली. ती येमीला मिठी मारते, रडते, घरभर सांगत सुटते, की बघा, माझी येमी मला सोडून गेली नाही. सासूबाई येमीला जुनं लुगडं देतात. येमी काही बोलत नाही. त्या दिवसापासून ती यमुनाशी कामापुरतंच बोलते, आणि यमुनाला ते कळायला फार दिवस लागतात.

शंखनाद, तुमचे खरंच आभार. उपरोध नाही यात. तुम्ही माझ्या यमुनासारखं वाचलंत.

---

जात्याची_पाळी:

आणि पहाटेचं जातं?

---

माहुलीकरीण:

जात्यावर आता यमुना एकटीच म्हणते. येमी खुंटा ओढते, पण भावाची ओवी उचलत नाही.

---

कृष्णाकाठचा:

ताई, त्या ल्हान पोरीचं काय झालं? मोबदला नाकारला मग तिला कुठं धाडलं?

---

माहुलीकरीण:

घेतलेली परत कोण करतंय हो. राहिली तिथेच. आता घरात दोन कुणबिणी. तिचं नाव अजून सापडत नाहीये. सुचलं तर सांगा, फक्त देवीचं नको आणि नदीचंही नको.

---

पेढेवाला_नाही:

रविवारी संध्याकाळी पाचला चार भिंतीच्या टेकडीवर भेटायचं का? तिथे बसून नाव शोधू. भेळ माझ्याकडे लागली.

---

मिरजेची_आत्या:

मी येते. फोटो आणते.